सॉफ्टवेअर लायब्ररीसोबत तिचं डॉक्युमेंटेशनही द्यायला हवं का? येरवड्याच्या आयटी पार्कमध्ये बसून हा प्रश्न वेगळा का दिसतो?

समजा, तुम्ही येरवड्यातल्या एखाद्या आयटी पार्कमध्ये काम करता. कॉमरझोन म्हणा, बिझनेस बे म्हणा, नाहीतर पंचशील टेक पार्क. रात्रीचे साडेअकरा वाजलेत. परदेशातल्या एका बँकेची पेमेंट सिस्टीम अडकली आहे आणि ती सुरू करायची जबाबदारी तुमच्या टीमवर आहे. गडबड कुठे आहे तेही सापडलंय. एक जुनी जावा लायब्ररी आहे. तिच्यातल्या एका फंक्शनला रिकामी व्हॅल्यू दिली तर ते काय करतं, एवढंच बघायचंय.

तुम्ही लायब्ररीच्या वेबसाइटवर जाता. स्क्रीनवर संदेश येतो, 'कंपनीच्या धोरणानुसार ही साइट बंद आहे.' मोबाइलवर बघावं, तर मोबाइल बाहेर लॉकरमध्ये ठेवून आत आलाय. आणि साइट उघडली असती, तरी तिथे लायब्ररीच्या पाचव्या आवृत्तीची माहिती असती. तुमच्या सिस्टीममध्ये आहे दुसरी.

हा प्रसंग काल्पनिक आहे, पण बँकिंग, विमा किंवा संरक्षण क्षेत्रासाठी काम करणाऱ्या कोणालाही विचारा, त्यांना तो ओळखीचा वाटेल. आणि यातूनच एक जुना वाद पुन्हा समोर येतो. लायब्ररीची नवी आवृत्ती प्रसिद्ध करताना तिचं डॉक्युमेंटेशनही सोबत द्यायचं, की ते वेबसाइटवर ठेवलं की काम झालं?

वरवर हा प्रोग्रामर लोकांचा घरगुती प्रश्न वाटतो. पण त्यात सुरक्षेचा, खर्चाचा आणि माहिती कोणाच्या हातात राहते याचाही मुद्दा आहे. समजून घेऊया.

आधी थोडक्यात, हे डॉक्युमेंटेशन म्हणजे काय?

लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार कोड. तारखांचा हिशोब, पीडीएफ तयार करणं, डेटाबेसशी बोलणं अशी कामं प्रत्येक जण नव्याने लिहीत बसत नाही, लायब्ररी वापरतो. तिच्यातली कोणती फंक्शन्स बाहेरच्यांनी वापरायची, त्यांना काय द्यायचं आणि ती काय परत देतात, या सगळ्या ठरावाला एपीआय म्हणतात.

या ठरावाची माहिती वेगळी बसून लिहावी लागत नाही. प्रोग्रामर कोडमध्येच प्रत्येक फंक्शनच्या वर ठरावीक पद्धतीने टिपण लिहितो. एक टूल ती टिपणं गोळा करतं आणि त्यांची वेबपानं तयार करतं. जावासाठी जावाडॉक हे टूल आहे, सी आणि सी प्लस प्लससाठी डॉक्सिजन, रस्टसाठी रस्टडॉक. असं टूलने तयार केलेलं म्हणून त्याला 'जनरेटेड' डॉक्युमेंटेशन म्हणतात.

म्हणजे मूळ माहिती आहे कोडमधल्या टिपणात. वेबपानं हे तिचं वाचायला सोपं रूप. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पूर्वी काय पद्धत होती?

पूर्वी हा प्रश्नच नव्हता, कारण इंटरनेट नव्हतं. युनिक्सचं पहिलं मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेचं आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ते तयार केलं. पुढे ही 'मॅन पेजेस' सिस्टीमसोबतच येऊ लागली. कमांड मशीनवर आहे, म्हणजे तिची माहितीही त्याच मशीनवर असणार, हे गृहीतच होतं. १९९६ मध्ये जावाची पहिली आवृत्ती आली तेव्हा जावाडॉक टूल तिच्यासोबतच आलं. डॉक्सिजन १९९७ चं.

छापील माहिती सोबत देण्याचे फायदे-तोटे येरवड्याला नवे नाहीत. इथल्या येरवडा कारागृह मुद्रणालयात सरकारी प्रकाशनं छापली जातात. जुन्या सरकारी पुस्तकांच्या शेवटच्या पानावर त्याचं नाव सापडतं. असं पुस्तक एकदा कचेरीत पोचलं की कपाटातून काढायचं आणि वाचायचं, कोणाची परवानगी लागत नाही. पण छपाईनंतर चूक सापडली तर? मग शुद्धिपत्रक काढायचं. ते ज्या कचेरीत पोचलं नाही, तिथे चूक तशीच राहणार.

सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनचा वादही याच दोन टोकांमध्ये आहे.

आज कोण काय करतं?

प्रत्येक भाषेच्या समुदायाने आपापलं उत्तर शोधलंय.

जावा : मेव्हन सेंट्रल हे जावा लायब्रऱ्यांचं सर्वात मोठं सार्वजनिक भांडार. तिथे लायब्ररी ठेवायची तर मुख्य जार फाइलसोबत आणखी दोन फाइल्स द्याव्याच लागतात, एक सोर्स कोडची आणि एक जावाडॉकची. म्हणजे डॉक्युमेंटेशन सक्तीचं आहे, पण वेगळ्या फाइलमध्ये. मुख्य फाइल घेणाऱ्याच्या मशीनवर ते आपोआप येत नाही, मागितलं तरच येतं.

रस्ट : क्रेट्स डॉट आयओवर लायब्ररी आली की डॉक्स डॉट आरएस ही सेवा स्वतःच तिचं डॉक्युमेंटेशन तयार करते आणि प्रत्येक आवृत्तीचं वेगळं जपून ठेवते. लेखकाला काहीच करावं लागत नाही. शिवाय सोर्स कोड तुमच्याकडे उतरलेलाच असतो, त्यामुळे एका कमांडने तेच डॉक्युमेंटेशन तुमच्या मशीनवरही तयार होतं.

गो : इथेही लायब्ररी म्हणजे सोर्स कोडच. 'गो डॉक' ही कमांड त्यातली टिपणं थेट वाचून दाखवते, इंटरनेट नसलं तरी.

आर : संख्याशास्त्राचे विद्यार्थी वापरतात ती भाषा. तिच्या पॅकेजमध्ये मदतीची पानं आतच असतात. बाहेर दिलेल्या फंक्शनची माहिती लिहिली नसेल तर पॅकेज तपासणीत त्याबद्दल इशारा मिळतो.

पायथन : टिपण फंक्शनच्या आतच राहतं आणि 'हेल्प' म्हटलं की दिसतं. सविस्तर वेबपानं मात्र बहुतेक वेळा पॅकेजमध्ये नसतात. ती रीड द डॉक्ससारख्या साइटवर असतात.

रुबी : पूर्वी लायब्ररी बसवताना तुमच्याच मशीनवर डॉक्युमेंटेशन तयार व्हायचं. त्यात इतका वेळ जायचा, की ते बंद करणारी ओळ सेटिंगमध्ये टाकून ठेवणं ही अनेकांची पहिली सवय बनली.

डेबियन लिनक्स : धोरणच सांगतं, की डॉक्युमेंटेशन मोठं असेल आणि सगळ्यांना लागणारं नसेल, तर त्याचं वेगळं पॅकेज करा.

म्हणजे मुख्य फाइलमध्ये सगळं कोंबणारे कमी आहेत. खरा वाद आहे तो 'सोबत पण वेगळं' आणि 'फक्त वेबसाइटवर' या दोघांमध्ये.

'सोबत नकोच' म्हणणाऱ्यांचे मुद्दे कोणते?

पहिला मुद्दा सुरक्षेचा. डॉक्युमेंटेशन म्हणजे नुसता मजकूर, त्यात कसला धोका, असं वाटेल. पण जून २०१३ मध्ये ओरॅकलने जाहीर केलं, की जावाडॉक टूलने तयार केलेल्या पानांमध्येच त्रुटी आहे. लिंकमध्ये फेरफार करून त्या पानाच्या चौकटीत हल्लेखोर स्वतःचं पान घुसवू शकत होता. सीव्हीई-२०१३-१५७१ या क्रमांकाने ती नोंदली गेली. टूल दुरुस्त करून काम भागणार नव्हतं. आधी तयार होऊन वेगवेगळ्या साइट्सवर गेलेली पानं तशीच होती. म्हणून जुनी पानं दुरुस्त करणारं वेगळं टूल ओरॅकलला द्यावं लागलं. शुद्धिपत्रकाचीच ही गोष्ट.

दुसरा मुद्दा, आत नेमकं काय आहे हे कोण तपासणार? २०१७ मध्ये आलेल्या जावा ९ पासून जावाडॉकच्या पानांत शोधण्याची सोय आली. चांगली सोय, पण तिच्यासोबत जेक्वेरी ही जावास्क्रिप्ट लायब्ररी प्रत्येक डॉक्युमेंटेशनच्या गठ्ठ्यात आली. म्हणजे जावाची एक लायब्ररी देताना तुम्ही नकळत दुसऱ्याच कोणाचा कोड, त्याचा परवाना आणि त्याच्या जुन्या त्रुटीही देता.

मार्च २०२४ मध्ये यापेक्षा मोठा धक्का बसला. एक्सझेड नावाच्या, लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या कॉम्प्रेशन टूलमध्ये चोरवाट सापडली. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिन थोडं संथ वाटलं, त्यावरून ती उघडकीस आली. हल्ला सुरू करणारा भाग प्रकल्पाच्या सार्वजनिक कोड भांडारात नव्हता, तो फक्त प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यात होता. कोणाला संशय का आला नाही? कारण अशा गठ्ठ्यात टूलने तयार केलेल्या जादा फाइल्स असतातच, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. यात डॉक्युमेंटेशनचा दोष नव्हता. पण मूळ कोडमध्ये नसलेली प्रत्येक फाइल ही तपासायची आणखी एक जागा असते, हा धडा मात्र मिळाला.

तिसरा मुद्दा, त्याच कोडमधून दोनदा गठ्ठा तयार केला तर दोन्ही हुबेहूब सारखे यायला हवेत, म्हणजे मध्ये कोणी हात घातला नाही याची खात्री पटते. जावाडॉक प्रत्येक पानात ते तयार झाल्याची वेळ लिहितं, त्यामुळे दोन गठ्ठे वेगळे दिसतात. वेळ न लिहिण्याचा पर्याय टूलमध्ये आहे, पण तो आठवणीने निवडावा लागतो.

चौथा मुद्दा सक्तीचा. मेव्हन सेंट्रल जावाडॉकची फाइल आहे का एवढंच बघतं, तिच्यात काय लिहिलंय ते नाही. परवान्यासारख्या कारणाने खरी फाइल देता येत नसेल, तर साधी टीप असलेली नाममात्र फाइल द्या, अशी सवलत नियमांतच दिली होती. २०१४ मध्ये जावा ८ आली आणि जावाडॉक टिपणांतल्या चुका कडकपणे तपासू लागलं. एचटीएमएलचा एखादा टॅग चुकीच्या पद्धतीने बंद केला तरी काम थांबायचं. कित्येक प्रकल्पांनी चुका दुरुस्त करण्याऐवजी तपासणीच बंद करून टाकली. सक्तीने फाइल मिळते, पण माहिती मिळेलच असं नाही.

मग वेबसाइटवर ठेवलं की झालं, असं का म्हणू नये?

कारण वेबसाइट चालू राहीलच, ती उघडता येईलच आणि तिच्यावर तुमचीच आवृत्ती असेल, या तिन्ही गोष्टी गृहीत धराव्या लागतात.

साइट चालू राहण्याचं बघा. कोडहॉस हे मुक्त प्रकल्पांचं मोठं घर होतं, ते २०१५ मध्ये बंद झालं. गुगल कोड २०१६ मध्ये. जावा डॉट नेट २०१७ मध्ये. प्रत्येक वेळी काही प्रकल्पांनी बाडबिस्तरा हलवला, काहींनी नाही. ज्यांच्या जावाडॉकच्या फाइल्स मेव्हन सेंट्रलवर होत्या, त्यांची माहिती आजही मिळते. ज्यांची फक्त साइटवर होती, त्यांना जुन्या वेबपानांच्या संग्रहात शोधत बसावं लागतं.

आवृत्तीचं बघा. डेटा सायन्स शिकणाऱ्यांना पांडाज माहीत असतं. तिच्यात तक्त्याला नवी ओळ जोडायला 'अपेंड' होतं. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या पांडाज २.० मधून ते काढून टाकलं, त्याऐवजी 'कॉनकॅट' वापरायला सांगितलं. आता ज्या ऑफिसमध्ये जुनी आवृत्ती चालते, तिथला नवा माणूस साइटवर जातो आणि ताजी माहिती वाचतो. समोरच्या कोडमध्ये 'अपेंड' आहे, साइटवर ते सापडत नाही. जुन्या आवृत्तीची पानं साइटवर असली, तरी पहिल्यांदा उघडतात ती ताजीच.

आणि साइट उघडण्याचं? इथे पुन्हा येरवड्याला येऊ. पुण्यात परदेशी बँका आणि कंपन्यांची ग्लोबल कॅपेबिलिटी सेंटर, म्हणजे जीसीसी, वाढत आहेत. राज्य सरकारनं २०२५ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र धोरणही मंजूर केलं. अशा बऱ्याच ठिकाणी डेव्हलपरच्या मशीनवरून बाहेरचं इंटरनेट मोजकंच उघडतं. मग लायब्रऱ्या येतात कुठून? कंपनी आत स्वतःचं एक भांडार ठेवते. ते मेव्हन सेंट्रलसारख्या ठिकाणाहून फाइल्स आणतं, तपासतं आणि मग आतल्या लोकांना देतं.

कळीचा मुद्दा इथेच आहे. या दारातून फाइल आत येते, वेबसाइट येत नाही. डॉक्युमेंटेशन लायब्ररीसोबत वेगळी फाइल म्हणून प्रसिद्ध झालं असेल, तर ते त्याच दारातून, त्याच तपासणीतून, त्याच आवृत्ती क्रमांकाने आत येतं. कोणाकडे विशेष परवानगी मागावी लागत नाही. फक्त वेबसाइटवर असेल, तर सिक्युरिटी टीमला तिकीट टाका आणि वाट बघा.

बंद नेटवर्क फक्त बँकांत असतं असंही नाही. संरक्षण संशोधनासारख्या कामात महत्त्वाची नेटवर्क्स इंटरनेटपासून पूर्ण तोडलेली असतात. आयसीपीसी या विद्यार्थ्यांच्या जागतिक प्रोग्रामिंग स्पर्धेत इंटरनेट नसतं, भाषांचं डॉक्युमेंटेशन मशीनवरच दिलेलं असतं. आणि मणिपूरमध्ये मे २०२३ पासून काही महिने इंटरनेट बंद होतं, तेव्हा तिथल्या शिकणाऱ्या मुलांकडे जे मशीनवर होतं तेवढंच होतं.

सोर्स कोड दिला की पुरे नाही का?

हा सगळ्यात जोरकस प्रतिवाद. टिपणं कोडमध्येच असतात, मग सोर्सची फाइल दिली की डॉक्युमेंटेशन आलंच. इंटेलिजेसारखी एडिटर सॉफ्टवेअर सोर्समधलं टिपण उचलून नीट मांडून दाखवतात. तयार वेबपानांची गरज काय?

मुक्त सॉफ्टवेअरसाठी हे बऱ्याच अंशी खरं आहे. रस्ट आणि गो याच तत्त्वावर चालतात. पण तीन ठिकाणी हे पुरत नाही. जिथे सोर्स देतच नाहीत, अशा विकतच्या लायब्रऱ्यांत डॉक्युमेंटेशन हाच एकमेव आधार असतो. डॉक्युमेंटेशन तयार करायला लागणारी टूल्स बंद नेटवर्कमध्ये नसतील, तर सोर्स असूनही पानं होत नाहीत. आणि नवशिक्याला हजार फाइल्सच्या कोडमधून वाट काढण्यापेक्षा अनुक्रमणिका असलेली पानं वाचणं सोपं जातं.

पण जागा आणि खर्च कोणाचा?

समजा, एका लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन २० एमबी आहे आणि दर महिन्याला एक आवृत्ती येते. तीन वर्षांत ७२० एमबी झाले. हे एकाच लायब्ररीचं. ही सार्वजनिक भांडारं वापरणाऱ्याला फुकट असतात, चालवणाऱ्याला नाही.

मेव्हन सेंट्रल चालवणाऱ्या सोनाटाइपने २०२४ मध्ये सांगितलं, की त्यांची ८३ टक्के बँडविड्थ अवघे १ टक्का आयपी अ‍ॅड्रेस वापरतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सोनाटाइप, पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन, रस्ट फाउंडेशन आणि इतर संस्थांनी एकत्र निवेदन काढलं. मुक्त सॉफ्टवेअरची ही पायाभूत व्यवस्था फुकट चालत नाही, मोठ्या वापरकर्त्यांनी वाटा उचलायला हवा, असा त्याचा सूर होता.

इथे दोन पद्धतींतला फरक महत्त्वाचा ठरतो. डॉक्युमेंटेशन मुख्य फाइलच्या आत घातलं, तर प्रत्येक डाउनलोडला, प्रत्येक ऑटोमॅटिक टेस्टला ते ओझं वाहावं लागतं. कोड तपासणाऱ्या सर्व्हरला डॉक्युमेंटेशन वाचायचं नसतं. वेगळ्या फाइलमध्ये ठेवलं, तर साठवायला जागा लागते, पण बँडविड्थ मागेल त्यालाच लागते. आणि ज्या जीसीसी आपलं आतलं भांडार नीट चालवतात, त्या एकदाच फाइल आणतात आणि आत शंभर जणांना देतात.

एआय आल्यावर हा वाद संपला नाही का?

'आता डॉक्युमेंटेशन वाचतं कोण, एआयला विचारतो,' असं अनेक जण म्हणतात. पण एआय मॉडेलने शिकताना सगळ्या आवृत्त्यांचं साहित्य एकत्र वाचलेलं असतं. त्यामुळे पांडाज २ वापरणाऱ्याला ते 'अपेंड' सुचवू शकतं, किंवा कधीच नसलेलं फंक्शनही आत्मविश्वासाने सांगू शकतं. ते खरं आहे का हे ताडून बघायला तुमच्याच आवृत्तीचं डॉक्युमेंटेशन हाताशी लागतं. एआयच्या साधनालाही बरोबर उत्तर द्यायचं तर तेच वाचायला द्यावं लागतं, आणि बंद नेटवर्कमधलं साधन बाहेरच्या साइटवर जाऊन ते वाचू शकत नाही. म्हणजे एआयमुळे जवळच्या, आवृत्तीशी जुळणाऱ्या डॉक्युमेंटेशनची गरज वाढली आहे.

मग मार्ग कोणता?

दोन्ही बाजू ऐकल्यावर उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात येत नाही. पण दिशा स्पष्ट आहे : डॉक्युमेंटेशन सोबत द्या, पण आत घालू नका.

म्हणजे नेमकं काय?

- प्रत्येक आवृत्तीबरोबर डॉक्युमेंटेशनची वेगळी फाइल, त्याच क्रमांकाची, त्याच भांडारात.
- सोर्स कोडच्या गठ्ठ्यात टूलने तयार केलेल्या फाइल्स मिसळू नयेत. एक्सझेडचा धडा तोच आहे.
- ही फाइल माणसाच्या लॅपटॉपवर नाही, तर ऑटोमॅटिक बिल्डमध्ये तयार व्हावी, वेळेची नोंद न टाकता, म्हणजे कोणीही ती पुन्हा तयार करून ताडून बघू शकेल. तिच्यावरही लायब्ररीइतकीच डिजिटल सही असावी.
- त्रुटी सापडली तर फक्त साइट न सुधारता दुरुस्त आवृत्ती काढावी.
- साइट जरूर असावी, पण तिच्यावर आपण कोणत्या आवृत्तीची माहिती वाचतोय हे ठळक दिसावं.

सेवा देणाऱ्या कंपन्या ग्राहकाला लायब्ररी बनवून देतात, तेव्हा करारात डॉक्युमेंटेशनची फाइल लिहून घेणंही तितकंच महत्त्वाचं. टीम बदलते, साइट बंद होते, फाइल राहते.

आणि हे सगळं केलं तरी टिपणच रिकामं असेल तर उपयोग नाही. 'गेट नेम' या फंक्शनवर 'नाव मिळवते' एवढंच लिहिलं असेल, तर ते सोबत द्या की साइटवर ठेवा, वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही. नाव नसेल तेव्हा काय मिळतं, चूक कधी येते, हे लिहिणं माणसाचंच काम आहे.

तुम्ही आज काय करू शकता?

विद्यार्थी असाल किंवा हॉस्टेलच्या डळमळीत वायफायवर काम करत असाल, तर वाट बघायची गरज नाही. मेव्हनला लायब्रऱ्यांच्या जावाडॉक फाइल्स आणायला सांगता येतं. रस्टचं डॉक्युमेंटेशन तिच्या इन्स्टॉलेशनसोबत येतं आणि ऑफलाइन उघडतं. झील किंवा डेवडॉक्स यांवर अनेक भाषांचं डॉक्युमेंटेशन साठवून ठेवता येतं. बंद नेटवर्कमध्ये काम करत असाल, तर उद्या ऑफिसमध्ये एक गोष्ट तपासा : आतल्या भांडारातून लायब्ररी मिळते, तशी तिची डॉक्युमेंटेशनची फाइलही मिळते का? मिळत नसेल तर ती सुरू करून घ्या.

रात्री साडेअकरा वाजता सिस्टीम अडकेल, तेव्हा परवानगीचं तिकीट टाकून वाट बघायला वेळ नसतो.